सातऱ्यातला वारा कोणाचा

९ फेब्रुवारी, सोमवार

ही डायरी भैय्याजींच्या मिरचीच्या पेढीची आहे. दर जानेवारीत ते सातऱ्यातल्या, म्हणजे मिरचीच्या आवारातल्या, जुन्या बायांना एकेक देतात. मला अक्षर येत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, पण द्यायची तर सगळ्यांना सारखी, असा त्यांचा न्याय. आजवरच्या डायऱ्यांच्या पानांत मी मसाल्याच्या पुड्या बांधल्या. यंदा माझी नात मयुरा म्हणाली, "आजी, तू नुसती बोल. मी लिहून देते."

तर मी बोलते आणि ती लिहिते. पण ती माझं बोलणं इस्त्री करून लिहिते असा मला संशय आहे. आत्ता दोन ओळी वाचून दाखवल्या, तर मी एखाद्या मास्तरीणबाईसारखी बोलत होते. मी म्हटलं, "माहं सुधारायचं तेवढं सुधार. पण बाकीच्याईचं बोलणं जसंच्या तसं ठेव, त्याईच्या तोंडाले इस्त्री नोको." कबूल झाली.

लिहायचं कारण असं की आमच्या घरात एक उडती गोष्ट आली आहे. मयुरा ड्रोन चालवायला शिकली. परीक्षा दिली, सर्टिफिकेट मिळालं, ते काचेत बसवून देवघराशेजारच्या खिळ्याला लावलं. आणि नोकरी कुठे लागावी? कळमन्याच्या बाजाराच्या पुढे, भैय्याजींच्याच सातऱ्यात. जिथे मी चाळीस वर्षं जमिनीवर बसून मिरचीचे देठ तोडले, तिथे नात आकाशातून मिरच्या बघते.

सातरा काय ते मयुराच्या पुढे होणाऱ्या पोरींना कळणार नाही, म्हणून सांगून ठेवते. मोठं उघडं आवार, त्यात लाल मिरचीचे ढीग, आणि ढिगांभोवती बसून देठ तोडणाऱ्या शंभर-दीडशे बाया. कडेला तिखटाची चक्की. ड्रोन ढिगांचे फोटो काढतो आणि त्यावरून कॉम्प्युटर सांगतो की ढीग किती क्विंटलचा.

मी म्हटलं, "भैय्याजीचा बाप नुसता पाहून सांगे."

"अन् चुके की नाही?"

"चुके. पण बायाईच्या डोक्यावर पंखे नाही फिरवे."

परवा बघायला जाणार आहे. मयुरा म्हणते, चष्मा लावून ये. मी काय वाचायला चालले आहे का?

११ फेब्रुवारी, बुधवार

जाऊन आले. सक्करदऱ्यातल्या घरापासून तिच्या गाडीवर मागे बसून गेले. रस्त्यात किती खड्डे आहेत ते आता माझी कंबर सांगेल.

आवारात शिरताच ओरडा झाला, "गोपिकाबाई आली वं!" यमुने सरकून जागा दिली. यमु म्हणजे यमुताई, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. तिला देठ तोडायला मी शिकवलं. आता तिची बोटं माझ्याहून भरभर चालतात, आणि जीभ बोटांहून.

ड्रोन म्हणजे चार पंख्यांचा खेकडा. मयुराने तो लांब, रिकाम्या जागेवरून वर नेला. इकडे फक्त मधमाश्यांसारखा आवाज आला. मी यमुला कोपर मारलं. "माही नात."

"दहा खेप सांगून झालं तुमचं. चेहरा तं काही दिसत नाही तिचा, डब्बाच पाहून राहिली हातातला."

मग भैय्याजी आले. मयुराच्या हातातल्या पडद्यात डोकावले. "बेटा, कडेचा ढीग साफ नाही दिसून राहिला. थोडा खाली आण."

"तिकडे बाया बसल्या आहेत, भैय्याजी. माणसांच्या वरून न्यायचा नसतो."

"वरून कुठं? बाजूनं आण. दोन मिनिटाचं काम."

मयुराने बायांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि आणला खाली.

मग जे उठलं! मिरचीची सालं, बिया, धूळ, सगळं एकदम वर. समोरची बाई दिसेना, इतकं लाल. सगळा सातरा एकाच वेळी शिंकला. आमच्यात पद्धत आहे, कोणी पोतं झटकणार असेल किंवा झाडू मारणार असेल तर आधी मोठ्याने ओरडायचं, "पदर!" तेवढं ऐकलं की सगळ्या तोंडावर पदर घेतात. जी ओरडायला विसरेल तिने त्या दिवशी वाऱ्याच्या तोंडाला बसून काम करायचं. चाळीस वर्षांत मी दोनदा बसले आहे. आज कोणीच ओरडलं नाही, कारण झटकणारं खाली कोणी नव्हतंच.

यमुच्या उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं. पाणी वाहू लागलं, जळजळ, आमचं नेहमीचंच. कामावर नवीनच आलेली एक सून पाण्याचा मग घेऊन धावली, मी तिला थांबवलं. मिरचीला पाणी लावलं की आग पसरते, हे या सातऱ्यात मीच सगळ्यांना शिकवलेलं आहे. भैय्याजींच्या घरून वाटीभर तूप आणवलं, बोटाने यमुच्या डोळ्यात घातलं, वरून फडकं बांधलं. म्हटलं, "दोन दिवस चोळू नोको. दवाखान्याचं काम नाही." जुन्या माणसाचा असा उपयोग होतो.

भैय्याजींनी विचारलं, "कोनाले लागलं तं नाही?" आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, नाही. हाड मोडलं, रक्त आलं, तर लागलं. डोळ्यात मिरची गेली याला कोणी लागलं म्हणत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

यमु सकाळीच दारात. डोळा सुजून बंद.

"गोपिकाबाई, उजेड सुईवानी टोचते वं."

मयुराने चहासुद्धा घेऊ दिला नाही, तिला गाडीवर घातलं. मी मागून ऑटोने. डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी पिवळं औषध टाकून निळ्या दिव्यात पाहिलं. पापणीच्या आत मिरचीच्या सालीचा नखाएवढाही नाही असा तुकडा, तीन दिवस तिथेच. त्याने बुबुळावर ओरखडा काढला आणि ओरखडा पिकला. डोळा वाचेल म्हणाल्या. नजर किती येईल ते आत्ता सांगता येणार नाही.

आणखी असंही म्हणाल्या की पहिल्याच मिनिटाला भरपूर पाण्याने धुतला असता तर तो तुकडा निघून गेला असता. कोणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही. डॉक्टर लोकांना मागाहून असं काही म्हणायची सवय असते. इथे मयुराचं पेन थांबलं आहे. मी म्हटलं, पुढे लिही.

येताना यमु म्हणाली, "मी आता तिथं नाही बसत. खालून विंचू आला तं दिसते. वरून वारा आला तं कोनीकडे पळू? ते उडवणं आमच्या डोक्यावरून हटवतील तवाच जाईन."

ती तोंडाने म्हणते, पण घरी तिला करमत नाही. पस्तीस वर्षं बोटं चाललेली, नुसती मांडीवर ठेवली की पदराचे दोरे तोडत बसतात. मी पाहिली. आणि यमु नाही म्हणजे सातऱ्यात बोलायला कोण?

तेव्हा एवढंच शोधायचं आहे की या वाऱ्याचा धनी कोण. तो सापडला की त्याला सांगायचं, बाबा, तुझा वारा बायांच्या डोक्यावरून काढ, म्हणजे आमची यमु कामावर येईल. दोन दिवसांचं काम दिसतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जवळच्यापासून सुरुवात केली. भैय्याजींनी मला आणि मयुराला चहा पाजला.

"मावशी, यमुबाईचं औषधपाणी माह्याकडे, ते सांगायचं काम नाही. पण ड्रोन एकदम कायद्यातला हाय. त्याले नंबर हाय, पायलटजवळ सर्टिफिकेट हाय. हवेतल्या गोष्टी विमान खातं पाहते. मी मिरचीवाला माणूस."

"ड्रोन कोनाचा?"

"माहा."

"मिरची?"

"माही."

"जागा?"

"माहीच ना, मावशी."

"मंग मधली हवाच तेवढी सरकारची?"

ते हसले. हा माणूस लहान असताना ढिगावर चढून घसरगुंडी खेळायचा आणि मग रडत माझ्याकडे यायचा, म्हणून मला हसण्याचा अर्थ कळतो. हसून झाल्यावर मयुराकडे न बघता म्हणाले, "अन् एक ध्यानात ठेवा. तक्रार गेली तं पहिलं नाव पायलटचं येईन."

घरी आल्यावर मयुराला विचारलं, "हे लिहायचं का?"

म्हणाली, "लिहायचं."

१८ फेब्रुवारी, बुधवार

यमुला घेऊन पोलीस ठाण्यात. तिच्या डोळ्यावर पट्टी, माझ्या हातात काठी, आम्हाला पाहून हवालदार उभाच राहिला. वाटलं असेल दोघींची मारामारी झाली.

"ड्रोन पडला का?"

"नाही."

"कोनाले धडकला?"

"नाही."

"कोनाच्या खिडकीत डोकावला?"

"नाही बाप्पा."

"मंग झालं काय?"

"वारा आला."

त्याने पेन खाली ठेवलं. पण माणूस भला होता. ड्रोनचा नंबर पाहिला, मोबाइलवर नकाशा उघडून त्या जागी उडवायला मनाई आहे का ते बघितलं. नव्हती. म्हणाला, "मनाईच्या जागी उडवला, बिननंबरी उडवला, कोनाच्या अंगावर पाडला, तं आमचं काम. बाई कामावर बसली असताना इजा झाली, हे कारखान्याच्या इन्स्पेक्टरचं. पण उडती वस्तू हाय, तं विमानवाल्याईलेही विचारून घ्या."

बाहेर आल्यावर यमु म्हणाली, "जिंदगीत पह्यल्यांदा ठाण्यात आली, अन् तेही वाऱ्याची फिर्याद घेऊन. घरी सांगू नोका."

तीन धनी झाले. वारा एकच आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मयुराने विमान खात्याला फोन लावला. चार वेळा गाणं वाजलं, मग एक कोवळा आवाज आला, हिंदी बोलणारा. मला हिंदी अडत नाही, कळमन्याचा निम्मा बाजार हिंदीत चालतो.

त्याने नीट सांगितलं. मशीनचा नंबर, पायलटचं शिक्षण, कुठे उडवायचं, किती वर उडवायचं, माणसांपासून किती लांब ठेवायचं, हे त्यांच्याकडे. "लेकिन माताजी, नीचे कौन किस काम पे बैठा है, उनको चश्मा दिया कि नहीं, पहले बताया कि नहीं, वो काम की जगह का मामला है. वो दूसरा विभाग देखता है." मग विचारलं, "इतना नीचे लाया किसने?"

मयुराने तोंड उघडलं. त्याआधी मीच म्हटलं, "वही तो ढूंढ रहे हैं, बेटा," आणि फोन ठेवायला लावला.

आमच्या गावी, कुहीकडे, दोन शेतांमध्ये धुरा असायचा. धुऱ्यावर गवत कमरेएवढं वाढे. इकडचा म्हणे तो कापेल, तिकडचा म्हणे हा कापेल. दोघंही भांडखोर नव्हते, दोघांचीही शेतं स्वच्छ. फक्त धुऱ्यावर साप राही. आज फोन ऐकताना मला तो धुरा दिसत होता.

संध्याकाळी देवघराशेजारचा खिळा रिकामा दिसला. मयुरा म्हणाली, सर्टिफिकेटची काच पुसायला काढली आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

विशेष काही नाही. यमुच्या डोळ्यात थेंब टाकायला गेले होते. ती आडवी पडून म्हणाली, "गोपिकाबाई, आपण तूप काहून लावलं होतं वं त्या दिवशी?"

मी म्हटलं, जुनी रीत आहे. मग तिच्या सुनेच्या भाजीवर बोललो.

हे लिहू नको म्हटलं होतं. पेन चालूच होतं.

काच अजून पुसून झालेली नाही. एवढी मोठी काच आहे का ती?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज यमु आणि मयुराला घेऊन सिव्हिल लाइन्सला कारखान्यांच्या इन्स्पेक्टरच्या ऑफिसात. टेबलामागे एक तरुण मॅडम, हर्षा नाव. मी म्हटलं, मोठ्या साहेबांना बोलवा. म्हणाल्या, "मीच आहे, आजी, चालेल का?" मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

त्यांनी विचारलं, आवारात बाया किती, मशीन काही आहे का. चक्की आहे म्हटल्यावर मान हलवली. मग विचारलं, "अपघाताची नोंद केली होती का मालकाने?"

"त्यानं विचारलं कोनाले लागलं का. आमी नाही म्हणलं."

"दीडशे बायांनी नाही म्हटलं?"

"मॅडम, पोळ्या करताना चटका बसला तं तुमी नोंद करता का?"

त्यांनी काहीतरी लिहिलं, आणि बराच वेळ लिहिलं.

मी त्यांना सरळ विचारलं, वारा कोणाचा? ठाण्यातलं सांगितलं, फोनवरचं सांगितलं, धुऱ्याचंही सांगितलं. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. "धुरा दोघांचा असतो, आजी. ड्रोनची कागदं, पायलटचं शिक्षण, हे मी तपासू शकत नाही, ते विमान खातंच बघेल. पण बाया काम करतात त्या जागेत खालून, वरून, बाजूने जे काही येईल ते मी बघायचं. तो वारा आकाशात होता तोवर त्यांचा. बाईच्या डोळ्यात शिरला तेव्हा माझा झाला."

"अन् भैय्याजी?"

"त्यांचा तर आधीपासूनच. माणसं कामाला बसवली त्या दिवसापासून. आम्ही दोन्ही खाती त्यांच्या मागून येतो."

इतक्या दिवसांत कोणी 'माझा' म्हणालं नव्हतं. यमुने मला चिमटा काढला.

मग मॅडमनी पेन उचललं. "पायलटचं नाव?"

मी म्हटलं, "ते कळंल हळूहळू, काय घाई हाय?"

"मीच," मयुरा म्हणाली. "मयुरा. हिची नात."

"किती उंचीवर होता?"

"पाहिजे त्याच्या कितीतरी खाली. माणसांजवळ न्यायचा नाही हे मला शिकवलं होतं. मी एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही."

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. ती हलली नाही. मॅडमनी लिहून घेतलं. विमान खात्यालाही कळवतील, शुक्रवारी स्वतः सातऱ्यात येतील.

यमुला ऑटोत बसवून दिलं. गाडीवर मी मयुराला म्हटलं, "एवढं खरं बोलायची काय गरज होती वं? नोकरी गेली तं?"

म्हणाली, "यमुआजीचा डोळा तुझ्यासमोर गेला, आजी. माझ्या हातून गेला." आणि गाडी जोरात सोडली. घरी लवकर पोचायचं असेल.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सातऱ्यात जत्रा. हर्षा मॅडमनी सगळ्या बायांना आवाराबाहेर कडुनिंबाखाली बसवलं. रिकाम्या जागेत मिरचीची सालं पसरवायला लावली आणि मयुराला म्हणाल्या, त्या दिवशी होता तेवढाच खाली आण. ड्रोन आला, सालं उडाली. जिथपर्यंत गेली तिथे मॅडमनी चुन्याची रेघ ओढली. भैय्याजी रेघेच्या पार मागे उभे होते. "इथवर नाही येत, मॅडम, मी सांगतो ना..." आणि पुढचं वाक्य शिंकेत गेलं. रेघ आणखी मागे सरकली. दीडशे बाया हसल्या. भैय्याजीही हसले, डोळे पुसत. मला वाटतं त्या शिंकेने जे काम केलं ते तीन ऑफिसांना मिळून जमलं नसतं.

मग एकेकीला विचारणं झालं. यमुची पाळी आली. मॅडम म्हणाल्या, "पहिल्या दिवशी डोळ्याला काय लावलं?"

यमुने चांगल्या डोळ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "काही नाही, मॅडम. तशीच घरी गेली."

मी ढिगाकडे पाहत होते. यंदाची मिरची चांगली आहे, रंग धरला आहे.

कागदावर आता असं आहे की यमुच्या डोळ्याला कोणी काही लावलं नाही.

१ मार्च, रविवार

दुपारी मयुराला म्हटलं, अकरा तारखेचं पान वाच. तिने वाचलं. मी पुन्हा वाचायला लावलं. 'जुन्या माणसाचा असा उपयोग होतो' हे मी म्हटलं होतं का? म्हणाली, हो, हसत म्हणाली होतीस.

मग चौदा तारखेचं वाचायला लावलं. डॉक्टरीणबाई कोणाला उद्देशून बोलल्या ते मला दवाखान्यातच कळलं होतं. त्या माझ्याचकडे बघत होत्या.

नंतर पाण्याचा मग हातात घेऊन उभी असलेली ती नवीन सून आठवली. तिचं नाव रितिका. तिला कोणी काही शिकवलेलं नव्हतं, म्हणून ती बरोबर होती.

मी पंधरा दिवस वाऱ्याचा धनी शोधत फिरले. भैय्याजींच्या घरी, ठाण्यात, फोनवर, सिव्हिल लाइन्सला. पण तुपाचा धनी कोण हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही कोणाला सांगितलं नाही.

मयुरा लिहिते आहे आणि काही बोलत नाही. इतकी गप्प नको राहू, पोरी. काहीतरी टोमणा मार.

२ मार्च, सोमवार

पुन्हा सिव्हिल लाइन्स. आधी यमुकडे गेले. तिला म्हटलं, "तू खोटं बोलली मॅडमसमोर."

"मंग काय तुमचं नाव घेऊ? तुमी तं भल्यासाठीच लावलं."

"भल्यासाठीच भैय्याजीनंही खाली आणवला. ढीग साफ दिसावा म्हणून."

यमु उठली. मग म्हणाली, "थांबा, लुगडं बदलते. मीही येते."

हर्षा मॅडमना सांगितलं. पाणी कसं थांबवलं, तूप कसं घातलं, दवाखाना नको कसं म्हटलं, आणि हे शिक्षण चाळीस वर्षं शेकडो बायांना कसं दिलं. त्यांनी जबाब दुरुस्त केला. म्हणाल्या, "तुमच्यावर यातलं काही येणार नाही, आजी. कामावर बायांना प्रथमोपचार कोणी शिकवायचा, हेही मालकाचंच काम."

"असं कसं? सगळ्याईच्या वाट्याले काही ना काही आलं. मीच काहून कोरडी राहू?"

"मग काय घेता?"

मी विचार केला. "पाणी घेतो मी."

त्यांना वाटलं प्यायला मागते आहे. गडू पुढे केला. यमु इतकी हसली की पट्टी ओली झाली. मग मी समजावून सांगितलं.

१२ मार्च, गुरुवार

आज यमु कामावर गेली.

डोळ्याचं असं आहे की समोरचं दिसतं, कडेला धुकं आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात तेवढं राहील. यमु म्हणते, बरंच झालं, सून कडेलाच बसते.

मयुराला विमान खात्याकडून पत्र आलं. ताकीद आहे, सर्टिफिकेट काढून घेतलेलं नाही. ते परत खिळ्यावर आलं. काच पुसलेली नाही, मी बोट फिरवून पाहिलं.

भैय्याजींना हर्षा मॅडमच्या कागदावर सही करावी लागली. ड्रोन फक्त जेवणाच्या सुट्टीत उडेल, बाया चुन्याच्या रेघेपलीकडे गेल्यावर. काळे चष्मे आले आहेत. बायांनी ते कपाळावर लावले, बांगड्यांसारखे एकमेकींना दाखवले, पण आहेत. डोळ्यात काही गेलं तर वहीत लिहायचं, लागलं असो वा नसो. आणि निंबाखाली एक नळ, त्याच्याजवळ स्टूल. दर गुरुवारी त्या स्टुलावर मी. येईल तिला सांगायचं, मिरची डोळ्यात गेली तर आधी पाणी, भरपूर पाणी, मग दवाखाना. तूप भातावर.

पहिल्यांदा सांगताना जुन्या बायांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. एक म्हणाली, "गोपिकाबाई, तुमीच तं शिकवलं होतं..."

"मीच," मी म्हटलं. "चुकीचं शिकवलं होतं. आता हे शिक." रितिकाला माझ्याजवळ बसवलं होतं. ती मान खाली घालून हसत होती.

सुट्टी झाली. सगळ्या रेघेपलीकडे आल्या, डबे उघडले. मयुरा एकटी आवारात, पायाशी तो खेकडा. तो अजून जमिनीवरच होता. तिने आमच्याकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "पदर!"

वारा इथवर पोचणार नव्हता. रेघ दोनदा मोजलेली होती. तरी दीडशे पदर एकदम वर गेले. भैय्याजींनी गळ्यातला दुपट्टा तोंडावर घेतला.

"मी तं चष्मा लावून हाव," यमु पुटपुटली. "मले काहून?" आणि काळ्या चष्म्यावरून पदर ओढला.

मीही घेतला. दुसऱ्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला मग होता. तो सांडू नये म्हणून सगळा वेळ त्याच्याकडेच बघत राहिले. ड्रोन कसा उडाला ते मला आज दिसलंच नाही.